वाजतंय ना, मग झालं!

कारचा अ‍ॅम्प दुरुस्त झाला, हे आपण कशावरून ठरवतो? गाणं लावायचं, बास छातीत धडकला की पैसे देऊन निघायचं. कळव्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनीही तेच केलं. ते टूरिस्ट गाडी चालवतात. शिर्डी, नाशिक, बहुतेक रात्रीच्या फेऱ्या, त्यामुळे जागं राहायला गाणी लागतात. जळलेला अ‍ॅम्प त्यांनी एका दुकानातून दुरुस्त करून आणला आणि दोन आठवड्यांनी मला म्हणाले, "जरा हात लावून बघ रे, इस्त्रीसारखा तापतोय."

गाणं बंद असतानाही तो तापत होता. डिकीत त्याच्या शेजारीच सीएनजीची टाकी. मी म्हटलं, "काका, हा आता लावू नका." काका म्हणाले, "अरे, वाजतंय ना, मग झालं!" शेवटी तीन दिवसांवर तडजोड झाली.

माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी सॉफ्टवेअरची. ऑफिसात काही बिघडलं की आम्ही लॉग वाचतो. इथे लॉग एकच होता : उष्णता.

गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. तेवढ्यावर स्पीकर दणाणत नाही. म्हणून अ‍ॅम्पच्या पोटात व्होल्टेज वाढवणारा पॉवर सप्लाय असतो. त्यात मॉसफेटचे दोन गट आळीपाळीने, सेकंदाला हजारो वेळा, ट्रान्सफॉर्मरमधून करंट सोडतात. एक गट पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसऱ्याने चालू व्हायचं नाही, हा नियम. या अ‍ॅम्पमध्ये ते वेळापत्रक टीएल494 ही चिप सांभाळत होती. तिच्या डेटाशीटवर 1983 साल आहे, म्हणजे ती माझ्यापेक्षा मोठी.

आधी बॅटरीच्या वायरमध्ये हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर करंट बल्ब अडवतो आणि नवे मॉसफेट वाचतात. अ‍ॅम्प ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून विझायला हवा. हा पेटलेलाच राहिला. मग थोडाच वेळ थेट जोडून मीटर लावला : 3 अँपिअर. म्हणजे 36 वॅट, आणि सगळे उष्णतेत. माझं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे.

आउटपुटचा भाग वेगळा करून पाहिला, तरी आकडा हलला नाही. म्हणजे घोळ सप्लायमध्येच. डावीकडचे तीन मॉसफेट उजवीकडच्यांपेक्षा जास्त तापत होते. छोटा ऑसिलोस्कोप गेटवर लावला. उजवीकडचा सिग्नल कड्यासारखा सरळ खाली येत होता, डावीकडचा पारसिकच्या उतारासारखा सावकाश. डावा गट बंद होईपर्यंत उजवा चालू होत होता.

कारण एक छोटा पीएनपी ट्रान्झिस्टर. गेटमधला चार्ज झटकन खाली खेचायचं काम त्याचं. जुने मॉसफेट जळताना तोही गेला होता, पण तो काळा पडला नव्हता. दुकानात जळलेले तेवढे बदलले आणि 25 अँपिअरच्या फ्यूजजागी 40चा बसवला. खरं तर 3 अँपिअरला 25चाही उडाला नसता. मोठ्या फ्यूजमुळे फक्त वायर धोक्यात आली.

आणि गरम मॉसफेट स्वतःच कमजोर होतो. आत बसवलेला आयआरएफझेड44एन 25 अंशांना 49 अँपिअर झेलतो, 100 अंशांना 35. तापला की त्याचा रोधही वाढतो, म्हणून तो आणखी तापतो.

शनिवारी कळव्याहून स्लो लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड. दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर आणले, एका चहाच्या पैशात. ते बदलल्यावर मीटरवर 1 अँपिअरच्याही खाली. फ्यूज पुन्हा 25चा.

काका दुकानदारावर चिडले होते. मला तेवढा राग आला नाही. गिऱ्हाईक समोर उभं, गाणं वाजलं की पैसे मिळणार. तासभर गप्प चालू ठेवून तो तापतो का, हे बघायचे पैसे कोण देतं? आमच्या ऑफिसातही सर्व्हर रीस्टार्ट केला की तिकीट बंद होतं.

म्हणून एक सांगतो. अ‍ॅम्प दुरुस्त करून आणलात, तर लगेच गाणं लावू नका. आवाज शून्यावर ठेवा, अर्धा तास चालू राहू द्या, मग त्याच्या पाठीवर हात ठेवा. हात टिकत नसेल, तर वायर काढा आणि कितीही छान वाजत असला तरी परत न्या.