माझी पाठ मोजणारी माणसं

अकलूजला दवाखान्यांची कमी नाही. माळशिरस, माढा, इंदापूर, सांगोला अशा चहूकडच्या तालुक्यांतला माणूस दुखणं घेऊन इथंच येतो. तरीही माझ्या दुखण्याला नाव मिळायला काही वर्षं गेली. ज्यांच्यामुळं ते मिळालं आणि पुढं ज्यांनी ते माझ्याबरोबर निभावलं, त्यांचं देणं मला फेडता येणार नाही. निदान मांडून तरी ठेवावं, म्हणून हे लिहितोय.

मी तेव्हा कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होतो. गळीत हंगामात पहाटेच फड गाठायचे, टोळीच्या मुकादमाशी बोलायचं, तोडीच्या नोंदी घ्यायच्या. हे सगळं मोटारसायकलवर, गाडीवाटांनी. त्यामुळं कंबर दुखली की दोष गाडीचा, हे ठरलेलंच. ‘मणक्यात गॅप पडलाय’ हे मला इतक्या जणांनी सांगितलं की मीही विचारणाऱ्याला तेच सांगू लागलो. पट्टा बांधला, वजनं लावून घेतली, विश्रांती सांगितली म्हणून पडून राहिलो. पडून राहिलं की जास्तच दुखायचं. रात्री तीन-साडेतीनला जाग यायची, कूस बदलताना जीव जायचा. उठून अंगणात येरझाऱ्या घातल्या की हळूहळू अंग मोकळं व्हायचं. दहाच्या सुमारास फडावर मी धडधाकट दिसायचो. रात्री कण्हणारा आणि दिवसा गाडी हाणणारा तरणा पोरगा! लोकांनी खरं तरी कसं मानावं?

वाट सापडली ती डोळ्यामुळं. एकदा उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतल्या पडद्याला सूज असल्याचं सांगितलं, थेंब लिहून दिले आणि चिठ्ठी हातात देता देता विचारलं, “कंबर दुखते का तुझी?” डोळे बघणारा माणूस कंबरेचं विचारतोय, याचं मला नवल वाटलं. त्या एका प्रश्नाचं मोल मला नंतर कळलं. मला पुढं जो आजार निघाला, त्याच्या रुग्णांपैकी चौघांत एकाला तरी कधी ना कधी डोळ्याचा हा त्रास होतो, आणि हा दुवा माहीत असलेला डॉक्टर भेटणं नशिबाची गोष्ट असते. त्यांनी मला गावातल्याच एका वयस्कर फिजिशियनकडं धाडलं.

या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली. “झोपल्यावर बरं वाटतं का हिंडल्यावर?” त्यांनी विचारलं. हिंडल्यावर, म्हणालो. मग त्यांनी ड्रॉवरमधून शिंप्याकडं असते तशी टेप काढली.

ती तपासणी मला अजून जशीच्या तशी आठवते. कंबरेच्या खाली दोन्ही बाजूंना जे खळगे असतात, त्यांच्या रेषेवर त्यांनी पेनानं खूण केली. तिथून दहा सेंमी वर एक आणि पाच सेंमी खाली एक अशा आणखी दोन खुणा केल्या आणि गुडघे न वाकवता पुढं वाकायला सांगितलं. चांगल्या पाठीत हे पंधरा सेंमीचं अंतर वाकल्यावर वीसच्या पुढं जातं. माझं जेमतेम सतरा भरलं. मी वाकत होतो तो खुब्यातून; कणा जागचा हलतच नव्हता. मग टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून डोकं मागं लावायला सांगितलं. डोकं भिंतीला लागेना. छातीभोवती टेप धरून श्वास सोडायला, मग भरून घ्यायला लावला. तरुण माणसाची छाती पाच सेंमी तरी फुगायला हवी. माझी अडीचही फुगली नाही. प्रत्येक आकडा ते मोठ्यानं म्हणत होते आणि लिहून घेत होते. माझं दुखणं पहिल्यांदाच कागदावर उतरत होतं. शेजारी उभ्या दादाच्या चेहऱ्याकडं मी बघितलं. त्यालाही ते पहिल्यांदाच दिसत होतं.

पाठीवर खुणा करून वाकवण्याची ही युक्ती शोबर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1937 साली सुचवली. पुढं तिच्यात सुधारणा झाली. तिला लागतं काय, तर एक टेप आणि एक पेन. एवढ्यावर निदान होत नाही हेही खरं. रक्तातली सूज बघावी लागते, माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय लागतो, कारण एक्स-रेवर खुणा दिसायला वर्षं जातात. एचएलए-बी27 ही तपासणीही मदतीला येते. पण ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार होतच नाही, म्हणून नुसत्या त्या कागदावर घाबरायचं नाही, हे डॉक्टरांनी मला आधीच बजावलं. सगळं जुळल्यावर नाव लिहिलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात. कंडरा आणि स्नायुबंध हाडाला जिथं चिकटतात तिथं सूज येते, आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर तिथं नवं हाड धरून मणके एकमेकांना जोडले जाऊ शकतात.

पुढं पुण्याला संधिवाताच्या तज्ज्ञांकडं जाणं सुरू झालं. त्यांनी सहा प्रश्नांचा कागद दिला: थकवा किती, मान-पाठ-कंबर किती दुखते, बाकीचे सांधे कसे आहेत, दाबल्यावर कुठं कळ येते, सकाळचा आखडलेपणा किती तीव्र आणि किती वेळ. प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा द्यायचा. शेवटच्या दोघांची सरासरी काढायची, ती पहिल्या चारांत मिळवायची आणि पाचानं भागायचं. चार किंवा वर उत्तर आलं तर आजार जागा आहे. हे मोजमाप इंग्लंडमधल्या बाथ शहरात तयार झालं आणि 1994 साली प्रसिद्ध झालं. ते ठरवताना रुग्णांनाही विचारलं गेलं होतं. दुखणाऱ्याचा शब्द हाच आकडा धरायचा, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आमच्या घरी ती वही वहिनींनी सांभाळली. आठवडा संपला की स्वयंपाक उरकून त्या वही घेऊन बसायच्या. मी पाच म्हटलं की पेन थांबायचं. “भावजी, काल रातीचं कण्हणं मला ऐकू आलं. पाच कसं?” मग सात लिहिला जायचा. डॉक्टरांनी पुढं इंजेक्शनांचा निर्णय घेतला, तेव्हा त्या वहीची पानं त्यांनी एकेक करून वाचली होती.

इंजेक्शनांच्या आधी क्षयाची तपासणी केली. ही औषधं सूज दाबतात तसा अंगात दबलेला क्षयही उठवू शकतात, आणि आपल्या देशात हे टाळून चालत नाही. त्यातल्याच अडालिमुमॅब या औषधाची भारतात बनलेली, मूळ औषधाहून स्वस्त आवृत्ती 2014 च्या अखेरीस बाजारात आली. तरीही आमच्यासारख्या घराला ती महागच. दादानं त्या वर्षीचं ऊसबिल माझ्या हातात ठेवलं. ठिबक करायचं त्याच्या मनात होतं, ते राहिलं. त्यावर आमच्यात आजवर एक शब्द झालेला नाही.

पुण्याला जाता-येता भिगवण लागतं. लोकांना ते उजनीच्या पक्ष्यांसाठी ठाऊक. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं 1996 पासून तिथं घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली, हे मला तज्ज्ञांच्या तोंडून कळलं. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, आणि शंभरांत अठराजणांना काही ना काही दुखत होतं. माझ्या आजाराचे त्यात अगदी थोडे. शेतातली कामं टाकून ती माणसं अनोळखी पाहुण्यांपुढं बसली, कुठं दुखतं ते सांगत राहिली. खेड्यातल्या माणसाचं अंग दुखणं हा मोजण्याजोगा विषय आहे, हे त्यांच्यामुळं ठरलं. भिगवणच्या स्टँडवर बस थांबते तेव्हा मी मनोमन हात जोडतो.

औषधानं सूज उतरली, पण आखडलेली मान औषधानं वळत नाही. ते काम फिजिओथेरपीच्या ताईंचं. “तुम्हाला काय जमायला हवंय?” असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हणालो, रिंगण. आषाढात तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते आणि सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. अश्व दौडत सुटला की माना त्याच्याबरोबर फिरतात. मला अख्खं अंग वळवावं लागायचं, आणि त्या गर्दीत तेवढी जागा कुठली? ताईंनी मान किती अंश वळते ते मोजलं, भिंतीशी उभं राहण्याचे, दीर्घ श्वासाचे, पालथं झोपण्याचे व्यायाम दिले. दर खेपेला नवा आकडा जुन्याशेजारी लिहून दाखवला. मान पूर्ण वळत नाही, वळणारही नाही. पण आता अश्व अर्धं मैदान कापेपर्यंत मी पाय न हलवता त्याला बघू शकतो.

मी आता कारखान्यातच बैठ्या कामावर आहे. मधूनमधून उठून फिरायची मुभा वरिष्ठांनी न मागता दिली.

तुमच्या घरात विशी-तिशीतलं कुणी तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर धरून असेल, रात्री उशिरा दुखण्यानं उठत असेल, बसल्यावर आखडत आणि हिंडल्यावर सुटत असेल, तर त्याला पडून राहा म्हणू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, डोळा कधी लाल झाला होता का तेही आठवून सांगा, आणि त्याची पाठ एकदा मोजून घ्या.