ओंदु, मूरु, नाल्कु, येरडु

१९९८ चा जुलै. हिंडलग्यात पावसानं धरलं की चार-चार दिवस अंगणातली दोरी सुकत नाही. त्या ओलीत वडिलांची फियाट सकाळी सुरू व्हायची बंद झाली. नाव पद्मिनी, मॉडेल १९७९ चं, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पण घरात सगळे तिला फियाटच म्हणत. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. दुपारी ऊन पडलं की पहिल्या झटक्यात सुरू.

एका ठिकाणी गाडी दाखवली. महिन्याभरात बॅटरी बदलली, कॉइल बदलली, चारही प्लग बदलले. माझ्या मास्तरकीच्या पगारात ते फार झालं. पुढच्या पावसाळी सकाळी गाडी पुन्हा तशीच उभी. विकून टाकावी असं पहिल्यांदा मनात आलं, आणि त्या विचारानं दिवसभर जेवण गेलं नाही.

वेंगुर्ला रोडला एका चिंचेखाली पत्र्याचं शेड टाकून, सगळे ज्यांना मामा म्हणत, ते गाड्या दुरुस्त करत. सैन्यातून निवृत्त झालेले, घरची भाषा कन्नड. कन्नडसक्तीविरुद्धच्या जून १९८६ च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक याच गावात आहे. आमच्या घरात त्या जूनची आठवण ताजी होती. मामांच्या शेडमध्ये मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. का, हे मला नीट ठाऊक होतं, आणि आज ते लिहिताना लाज वाटते. शेवटी त्यांच्याकडेच गेलो.

"बदलूचं नंतर, मास्तर. आधी बघूचं," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी मला शेजारी उभं करून एकेक गोष्ट दाखवली. हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितला. दिवे अगदीच मंदावले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनलवर पांढरं चढलेलं. दिवे लख्ख आणि नुसतं टक् झालं तर सेल्फमध्ये दोष. आमचा सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे तो प्रश्न मिटला. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरली. सेल्फ मारताच पेट्रोलच्या पिचकाऱ्या उडाल्या, पंप ठीक. उरला करंट. कॉइलची मधली वायर पक्कडीनं इंजिनजवळ धरली तर निळी, कडकडीत ठिणगी. प्लगच्या वायरी धरल्या तर ठिणगी पिवळट, मरतुकडी. "कॉइलपर्यंत आहे, प्लगपर्यंत नाही. मधे कोण?" मधे डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. झाकण उघडून पुसलं, पॉइंट पाहिले, रोटर पाहिला. डोळ्यांना काही दिसेना.

"दिवसा दिसूचं नाही. रात्री येतो."

रात्री साडेनऊला भर पावसात, डोक्यावर खोळ घेऊन, चालत आले. अंगणातला दिवा घालवायला लावला, बॉनेट उघडलं आणि मला सेल्फ मारायला सांगितला. "आता या इकडं." सेल्फवर बायकोला बसवून मी पुढे गेलो. काळ्याकुट्ट अंधारात डेल्कोच्या झाकणावर एक निळी रेघ मुंगीसारखी सरपटत होती. झाकणाला केसाएवढी चीर होती. चिरेत कोळशाची काजळी धरलेली, त्यावर ओल. हजारो व्होल्टचा करंट प्लगकडे न जाता त्या वाटेनं पळत होता. ऊन पडलं की ओल सुकायची, वाट मोडायची, आणि गाडी सुरू.

त्यांनी ब्लेडनं काजळी खरवडली, चीर पुसून सुकवली आणि बायकोकडे नेलपॉलिश मागितलं. लाल होतं, तेच लावलं. वायरी पुन्हा बसवताना क्रम माझ्याकडून वदवून घेतला, त्यांच्या भाषेत: ओंदु, मूरु, नाल्कु, येरडु. एक, तीन, चार, दोन. याच क्रमानं ही चार सिलिंडरं पेटतात. आजही मला तो क्रम मराठीत आठवत नाही.

सकाळी गाडी सुरू झाली. पैसे द्यायला गेलो तर हात मागे घेतला. "काय बदललो म्हणून घेऊ?" चहा मात्र प्यायले. नवं झाकण पुढे बेळगावातून आणलं, पण त्या रात्रीचे पैसे त्यांनी कधीच घेतले नाहीत. त्यानंतर शाळा सुटली की मी चिंचेखाली जाऊन बसू लागलो. कंडेन्सर गेला की पॉइंट का जळतात, उन्हाळ्यात घाटात पंपावर ओलं फडकं का टाकतात, हे सगळं तिथलं. कन्नडही तिथलंच, ग्रीसमध्ये माखलेलं.

२००९ मध्ये ते बैलहोंगलकडच्या आपल्या गावी राहायला गेले होते. दिसणं जवळजवळ गेलेलं. मी फियाट घेऊन गेलो. अंगणात इंजिन चालू ठेवायला सांगून ते चाचपडत पुढे आले, लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला, टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"टॅपेट सैल आहे, मास्तर. मूरु."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हिंडलग्याला आल्यावर वरचं झाकण उघडून गेज घातला. तिसऱ्याचाच होता.