पाण्यातली कळशी

फोंडा महालातील आमच्या आजोळी देवळाच्या तळीलगत एक विहीर होती. सुटीत मामीबरोबर दोर ओढावयास आम्ही हौसेने जात असू. तांब्याची कळशी बुडून भरली की प्रथम अगदी सहज वर येई. परंतु पाण्याचा पृष्ठभाग तिने सोडला रे सोडला, की हातांना असा हिसका बसे, जणू कोणी खालून धरूनच ठेवली आहे! मामीला कारण विचारले. ती म्हणाली, "उदकांत उदकाक वजन ना रे." आम्ही हसलो. पाण्यात पाण्याला वजन नाही म्हणे! मग तीच कळशी कमरेवर घेताना मामी वाकते का, हा आमचा बिनतोड सवाल.

पुढे शाळेत आर्किमिडीजचा सिद्धांत घोकला. बुडालेला पदार्थ जेवढे पाणी बाजूस सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार त्यास मिळतो. पैकीच्या पैकी गुण मिळाले. मामीचे बोलणे मात्र आठवले नाही. आज हिशेब मांडून पाहतो. कळशी ३ किलोची, आत पाणी १० किलो. विहिरीबाहेर हातांवर १३ किलोंचा भार. बुडालेली असताना आतल्या १० किलोंस भोवतालचे पाणीच पेलून धरते. तांबे पाण्याच्या सुमारे ९ पट जड, म्हणून त्याच्याही वजनाचा नववा हिस्सा पाणी उचलते. आमच्या वाट्यास उरतात पावणेतीन किलोंहूनही थोडे कमी. पृथ्वीची ओढ आत काय, बाहेर काय, तीच. आधार तेवढा सुटतो.

गुण मिळाले त्याच वर्षी आम्ही त्या तळीत बुडता बुडता वाचलो. पाठीस असोले नारळ बांधून पोहावयास शिकत होतो. एके दिवशी, आता कशास हवेत, म्हणून ते सोडून ठेवले. मधोमध गेल्यावर दम लागला, आणि घाबरून दोन्ही हात आकाशाकडे उंचावले.  छाती भरून श्वास घेतला तरी माणूस गोड्या पाण्यावर जेमतेम तरंगतो. वर राहतो तो शरीराचा अगदी थोडा भाग. दोन्ही हातांचे वजन मिळून शरीराच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके. ते पाण्याबाहेर काढले, की कळशीसारखे जड झाले. त्या भाराने डोके खाली गेलेच म्हणून समजावे.

काठावर मामी होती. तिला पोहता येत नव्हते. ती ओरडली, "हात उदकांत दवर!"

हात खाली घेतले. नाक वर आले, श्वास मिळाला. तेवढ्यात देवळातील एका सेवेकऱ्याने उडी टाकून आम्हांस बाहेर ओढले. घरच्यांनी देवीस नारळ ठेवला. तो योग्यच होता, असे आम्ही आजही मानतो. परंतु मामीस तो आवाज कोठून सुचला, हे विचारावयाचे राहून गेले.

त्या सायंकाळी ती रागावली नाही. कळशी विहिरीत सोडली आणि दोर मुकाट्याने आमच्या हाती दिला.