पंचाहत्तर मिलिमीटरच्या हद्दीत

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन म्हटलं की मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते. आमच्या थोरल्या चुलत्यांची, आप्पांची, पद्मिनी निरवांगीच्या वस्तीवर शेडमध्ये बंद पडून होती. तिचं इंजिन खोलून नव्यानं बांधायचं मी मनावर घेतलं. त्यासाठी वाचायला लागलो, तेव्हा कळलं की याच जातीचं इंजिन एके काळी युरोपात शर्यतीच्या गाड्यांना बसवलेलं होतं. मग नुसतं दुरुस्त करून भागेना. ते शर्यतीपर्यंत कसं पोचलं आणि कुठे अडलं, हे समजून घ्यायचं होतं.

मूळ इंजिन 1937 सालचं, फियाटच्या 508 सी या गाडीचं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 68 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 75; चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, ताकद सुमारे 32 हॉर्सपॉवर. तीच मापं घेऊन ते पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये आलं. 1944 साली ही कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी. आमच्या शेजारचं वालचंदनगरही त्यांनीच वसवलेलं. आप्पांची उभी नोकरी तिथल्या कारखान्यात फिटर म्हणून झाली. फिलर गेज धरायचं कसं, नट किती आवळायचा, हे मला त्यांनीच शिकवलं.

हेड उतरवलं, संप काढला आणि क्रँकशाफ्ट बाहेर घेतला. चार पिस्टनांचा मार झेलणारा हा क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगवर पेललेला असतो: दोन टोकांना दोन आणि मधे, दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या दरम्यान, एक. रोजच्या चालीला हे भरपूर झालं. पण फेरे वाढवत नेले की दोन बेअरिंगांमधला क्रँक लवायला लागतो. आप्पांनी मधल्या बेअरिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "जोर करशील तर सगळा इथं येणार."

इटलीत हा जोर खरोखर केला गेला. तुरिनच्या पिएरो दुसिओ यांनी 1946 मध्ये सिसितालिया डी 46 ही एकट्या ड्रायव्हरची छोटी रेसिंग कार काढली. तिची आखणी फियाटचे अभियंते दान्ते जिआकोसा यांची. इंजिन हेच 1089 सीसीचं, पण काँप्रेशन वाढवलेलं, ताकद 60 हॉर्सपॉवरच्या घरात. 32 चे 60 होताना इंजिनाचं आकारमान तसूभरही वाढलं नव्हतं. वाढला होता तो श्वास, दाब आणि फेरे. पुढच्याच वर्षी मिल्ले मिल्या या सुमारे 1800 किलोमीटरच्या शर्यतीत पन्नाशी ओलांडलेले ताझिओ नुवोलारी सिसितालिया घेऊन उतरले. अडीच पटींहून मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओपुढे ते बराच वेळ आघाडीवर होते. पावसाचं पाणी इग्निशनमध्ये शिरलं, वेळ गेला, आणि ते दुसरे आले.

हेड घेऊन मी बारामतीला मशिनशॉपमध्ये गेलो, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी विचारलं, "भाऊ, जरा जास्त घासून देऊ का? पिकअप वाढंल." त्यांचं बरोबर होतं. हेड घासलं की वरची जागा कमी होते, काँप्रेशन वाढतं. रेसिंगवाल्यांची पहिली पायरी हीच. मी मात्र सपाटीपुरतंच घासून घेतलं. खालचा क्रँक मी पाहिला होता.

व्हॉल्व्ह घरीच बसवले. सीटवर ग्राइंडिंग पेस्ट लावायची, व्हॉल्व्हला रबरी कपाची काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळव्यांत रवीसारखी घुमवायची. मधे मधे उचलून पाहायचं. सीटवर तुटक खुणांच्या जागी एकसलग करडी कडी उमटली की काम झालं. मग हेड उलटं करून खळग्यात रॉकेल ओतलं. पोर्टमध्ये पाझर नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बसले. इंजिनाची निम्मी ताकद अशा बिनबोभाट कामात असते, आणि शर्यतीच्या इंजिनालाही त्यातून सुटका नाही.

पन्नाशीच्या अखेरीस काउंट जोव्हान्नी लुरानी यांच्या पुढाकारानं फॉर्म्युला ज्युनियर हा शर्यतींचा वर्ग सुरू झाला. साध्या गाड्यांची इंजिनं, हद्द 1100 सीसी. मोदेनाच्या स्टांग्वेल्लिनीनं फियाटच्या या इंजिनाला दोन वेबर कार्बुरेटर लावून सुरुवातीला मैदान मारलं. 1960 मध्ये कॉसवर्थ कंपनीनं तयार केलेलं फोर्ड अँग्लियाचं इंजिन लोटसच्या रेसिंग कारमध्ये बसलं आणि चित्र पालटलं. त्याचा स्ट्रोक होता फक्त 48.4 मिलिमीटर.

मी वहीवर हिशेब मांडला. 75 च्या स्ट्रोकला मिनिटाला 4800 फेरे दिले की पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 12 मीटर होतो. फोर्डच्या पिस्टनला तेवढा वेग गाठायला जवळजवळ 7500 फेरे लागतात. फियाटला 7500 ला न्यायचं, तर पिस्टन पावणेएकोणीस मीटरनं धावणार. रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळ्यांवर त्याचा ताण. स्टांग्वेल्लिनीच्या कारागिरीत काही कमी नव्हतं. कुटुंबाच्या गाडीसाठी ठरवलेलं माप होतं ते, आणि शर्यत त्या मापाशी येऊन थांबली. त्या हद्दीत राहून वर्षानुवर्षं ताकद वाढवत नेणारे लोक मला म्हणूनच फार मोठे वाटतात.

आप्पांची पद्मिनी आता चालते. नीरेकाठच्या रस्त्यानं वालचंदनगरपर्यंत जाऊन येते, तेल पीत नाही, चढाला मिसिंग करत नाही. ट्रॅक्टर आणि मोटारसायकलची कामं शिकायला वस्तीवर पोरं येतात. 'पॉवर कशी वाढवायची?' हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांच्या हातात व्हर्नियर देतो आणि आधी बोअर, स्ट्रोक, बेअरिंग मोजायला लावतो. इंजिन काय देऊ शकतं, हे त्याच आकड्यांत असतं. ते कळलं की वाढवायचं कुठे आणि थांबायचं कुठे, हे पोरं आपली आपण सांगतात.