न बोलावलेला सेवेकरी

वकिलाच्या धंद्यात युक्तिवादाच्या आधी येतो तो वकीलपत्राचा कागद. पक्षकाराने सही करून तो हाती दिल्यावाचून वकिलाला न्यायालयात त्याच्या नावाने तोंड उघडता येत नाही. वकील कितीही विद्वान असो, त्या माणसाच्या हिताची त्याला कितीही कळकळ असो, वकीलपत्र नसेल तर तो तिथे परकाच. नुकतीच सनद घेतलेल्या तरुणाला हा नियम कोरडा वाटतो. या धंद्यात वीस वर्षे काढल्यावर मला मात्र त्यात मोठे शहाणपण दिसू लागले आहे. दुसऱ्याचे भले करावयास निघालेल्या माणसाने प्रथम त्याची संमती घ्यावी, एवढेच तो नियम सांगतो. सांप्रत संगणकासमोर बसले की या नियमाची मला वारंवार आठवण होते.

त्याचे कारण असे की आपल्या टेबलावरील संगणकात एक नवा मदतनीस येऊन बसला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ या आपल्या कार्यप्रणालीत ‘कोपायलट’ नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक आणला. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यासाठी कळफलकावर एक स्वतंत्र कळ देण्याचे जाहीर झाले. विंडोजच्या कळफलकात इतका ठळक बदल सुमारे तीस वर्षांत झाला नव्हता. अ‍ॅपल कंपनीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या मॅक संगणकांत ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’ ही सोय आणली. हे मदतनीस पत्राचा मसुदा करतात, लांबलचक मजकुराचा सारांश काढतात, विचारलेल्या प्रश्नाला क्षणात उत्तर देतात. एवढा गुणी सेवेकरी घरबसल्या लाभल्यावर लोकांनी खरे तर पेढे वाटावयास हवे होते. प्रत्यक्षात पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जुन्या विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि नव्या प्रणालीपासून दूर राहिलेल्यांनाही तिकडे वळणे भाग पडू लागले. पुढच्याच महिन्यात विंडोज विभागाचे प्रमुख पवन दावुलुरी यांनी जाहीर केले की, विंडोज ही आता आपल्या वतीने कामे पार पाडणारी प्रणाली होऊ लागली आहे. त्यावर आनंदापेक्षा संतापाचीच उत्तरे अधिक आली. आम्हांला साधा, भरवशाचा संगणक हवा आहे. हे मागितले कोणी, असा त्यांचा सूर होता.

या संतापाची दोन कारणे सांगितली जातात. पहिले असे की, माणूस स्वभावतःच नव्याला बिचकतो. दुसरे असे की, हे यंत्र चुका करते. दोन्हींत तथ्य आहे. यंत्राच्या चुकांविषयी तर आम्हां वकिलांना कोणी सांगावयास नको. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला ५,००० डॉलरचा दंड केला, कारण अशाच एका यंत्राने रचून दिलेले, कधीच अस्तित्वात नसलेले निवाडे त्यांनी आधार म्हणून सादर केले होते. तथापि एवढ्याने लोकांच्या रागाचा उलगडा होतो असे मला वाटत नाही. नव्याला बिचकणारी हीच माणसे खिशातील फोनवर वीजबिल भरतात आणि भाजीवाल्यालाही त्यावरूनच पैसे देतात. आणि यंत्र चुकते म्हणून राग असेल, तर ते सुधारेल तसा राग ओसरला पाहिजे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

ज्यांनी पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलेखन केले आहे, त्यांना ती डोळे मिचकावणारी कागदाची टाचणी आठवत असेल. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये ती प्रथम अवतरली. तिचे नाव क्लिपिट. लोक तिला क्लिपी म्हणत. पत्राचा मायना लिहावा, तो ही टाचणी पडद्याच्या कोपऱ्यात उभी राहून ‘पत्र लिहिता वाटते, मदत करू का?’ अशा अर्थाचे काही विचारी. पहिल्या दिवशी तिचे कौतुक वाटे, आठव्या दिवशी ती नकोशी होई. २००१ च्या आवृत्तीत कंपनीने ती आपण होऊन बंद ठेवली, जाहिरातींतून तिची थट्टाही केली, आणि २००७ च्या आवृत्तीतून ती पार नाहीशी झाली. ती टाचणी अडाणी होती आणि आजचा मदतनीस तिच्या मानाने बृहस्पती आहे. तरीही लोकांची तक्रार त्याच शब्दांत उमटते: आम्ही बोलावले नव्हते. दोन मदतनिसांच्या अकलेत जमीनअस्मानाचे अंतर असताना तक्रार एकच राहते, तेव्हा तिचे मूळ अकलेत नसून अन्यत्र असले पाहिजे.

ते कोठे आहे, हे २०२४ च्या मे महिन्यात स्पष्ट दिसले. २० मे रोजी मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. काही विशिष्ट नव्या संगणकांवरच चालणारी ही सोय दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घेऊन साठवून ठेवणार होती, म्हणजे महिन्यापूर्वी पाहिलेला कागदही नुसत्या वर्णनावरून शोधून काढता यावा. हा साठा त्याच संगणकात राहील, बाहेर जाणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. परंतु केविन ब्यूमाँट यांच्यासारख्या सुरक्षातज्ज्ञांनी तो साठा तपासला तेव्हा, संगणकात शिरकाव केलेल्या चोराला तो सहज वाचता येईल असे आढळले. शिवाय ही सोय आरंभापासून चालूच राहणार होती. नको असेल त्याने ती बंद करावयाची होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने कंपनीकडे विचारणा केली. ७ जून रोजी कंपनीने माघार घेतली आणि वापरणाऱ्याने स्वतः होकार दिला तरच ती चालू होईल असे सांगितले. १३ जूनला तिचा सार्वत्रिक प्रारंभच लांबणीवर पडला. साठ्याला कुलूप घालून आणि होकाराची अट ठेवून ती सर्वांसाठी खुली झाली ती एप्रिल २०२५ मध्ये.

तीन आठवड्यांत एवढी मोठी कंपनी नमली, याचे श्रेय मी लोकांच्या रागाला देतो. पण माझ्या मनाला घोर लावला तो दुसऱ्याच गोष्टीने. समजा, मी होकार दिला. तो होकार माझा झाला. परंतु माझ्या पडद्यावर जे असते, ते माझे असते काय?

उमेदवारीच्या काळात ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या ज्येष्ठ वकिलांकडे एक वृद्ध कारकून होते. कार्यालयातील प्रत्येक फाइल त्यांना मुखोद्गत असे. पण अशील बोलता बोलता आवाज खाली घेऊ लागला, की ते लिहीत असलेली ओळ अर्धवट सोडून उठत आणि बाहेरच्या पडवीत जाऊन बसत. कोणी त्यांना जा म्हणत नसे. एकदा मी त्यांना विचारले, “काका, वकीलसाहेबांचा तुमच्यावर एवढा विश्वास, मग तुम्ही उठून का जाता?” ते म्हणाले, “साहेबांचा विश्वास आहे रे बाबा. पण तो माणूस साहेबांपाशी आला आहे, माझ्यापाशी नाही.” कायद्याच्या पुस्तकांतून हे तत्त्व मी पुढे कितीदा वाचले, पण त्याहून नेमक्या शब्दांत ते मला कोठे आढळले नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे १३२ वे कलम हेच सांगते. अशिलाने वकिलापाशी विश्वासाने केलेले बोलणे त्याच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाला उघड करता येत नाही. ते गुपित वकिलाच्या तोंडात असले तरी त्याची मालकी अशिलाची. वडिलोपार्जित घराच्या वाटणीसाठी आलेली विधवा, भावाविरुद्ध दावा लावावा की नाही या विवंचनेत पडलेला शेतकरी, मुलीच्या मोडलेल्या संसाराची कागदपत्रे घेऊन आलेला बाप, या सर्वांची दुःखे माझ्या पडद्यावर उमटतात. माझ्या सोयीसाठी एका यंत्राने ती पाहावी आणि साठवावी, असा होकार त्यांच्या वतीने देणारा मी कोण? मे २०२५ मध्ये ‘सिग्नल’ या खाजगी संदेशव्यवस्थेच्या चालकांनी हेच ओळखले आणि विंडोजवर रिकॉलला आपल्या खिडकीचे छायाचित्र घेताच येऊ नये अशी तजवीज केली. पत्र लिहिणाऱ्याने कितीही काळजी घेतली, तरी ते वाचणाऱ्याच्या संगणकावर असा टिपणारा बसलेला असेल तर ती काळजी व्यर्थ, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र.

देवळाशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे, त्यांना ही गोष्ट समजावयास कायद्याचे पुस्तक नको. अभिषेकाला बसलेल्या यजमानाकडून भट प्रथम संकल्प करवून घेतो. स्थळ, तिथी, गोत्र, नाव, आणि कोणते कर्म कोणत्या हेतूने, याचा उच्चार होतो. यजमान उजव्या तळहातावरून ताम्हणात उदक सोडतो, आणि मगच पुढचे कर्म. लघुरुद्राचा संकल्प सोडला म्हणून भटाने सत्यनारायण आटोपून घेतला, असे होत नाही. दूरदेशी राहणाऱ्या कुळाव्यासाठी अभिषेक करावयाचा, तरी त्याने कळविलेल्या नावगोत्रानेच तो होतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमतीची लक्षणे दिली आहेत: ती मुक्त असावी, नेमक्या हेतूपुरती असावी, समजून दिलेली असावी आणि स्पष्ट कृतीतून व्यक्त व्हावी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. ती लक्षणे वाचताना मला ताम्हणात पडणारे ते पाणी दिसले.

दुसरी बाजू न ऐकता निकाल देणे मला शोभणार नाही. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांची दृष्टी मंद झाली आहे. संगणक त्यांना मजकूर वाचून दाखवितो, नव्या मदतनिसाला ते तोंडी प्रश्न विचारतात आणि सरकारी कचेरीला पाठवावयाच्या इंग्रजी पत्राचा मसुदा त्याच्याकडून करून घेतात. मुलाची वाट पाहत बसावे लागत नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. माझ्या कार्यालयातील तरुण सहकारीही ऐंशी पानांच्या निवाड्याचा सारांश त्याच्याकडून काढून घेतो, आणि मग मूळ निवाडा उघडून ताडून पाहतो. या दोघांचे समाधान खोटे म्हणता येणार नाही. मात्र दोघेही मदतनिसाला स्वतः हाक मारतात, काम नेमून देतात, आणि काम संपल्यावर त्याला निरोप देतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कोणी म्हणेल, नको असेल त्याने बंद करून टाकावे, एवढा ऊहापोह कशाला? हे उत्तर मला पटत नाही. प्रस्तावावर मौन पाळले म्हणजे तो स्वीकारला, असे करारकायदाही सामान्यतः मानीत नाही. आणि बंद करण्याची जागा सर्वांनाच कोठे सापडते? अ‍ॅपलने आपली सोय प्रारंभी मागणाऱ्यालाच देऊ केली होती. जानेवारी २०२५ च्या सुधारणेपासून ती आपोआप चालू होऊ लागली. घरच्या यजमानाने होकार देणे आणि आगंतुकाला बाहेर काढण्याची जबाबदारी यजमानावर येऊन पडणे, या दोहोंत फार अंतर आहे. तरुणाला एखादवेळी ते जाणवणार नाही. सत्तरीच्या गृहस्थाला ते पदोपदी जाणवते.

आपल्या देवस्थानांच्या कचेऱ्यांतूनही आता संगणक आले आहेत. कुळाव्यांची नावे, गोत्रे, पत्ते, देणग्या, कोणी कोणत्या अडचणीत कोणता नवस बोलला त्याची नोंद, महाजनांच्या आपसांतील वादाची पत्रे, हे सारे त्या पडद्यावरून जाते. नवस बोलणाऱ्याने तो देवापाशी बोललेला असतो. कचेरीकडे तो विश्वासाने सोपविलेला असतो. १९३३ पासून चालत आलेल्या देवस्थान नियमावलीखाली आपल्याला सभेपुढे विषय ठेवून ठराव करण्याची सवय आहे. तशीच एकदा या नव्या मदतनिसाचीही गोष्ट सभेपुढे यावी: तो कचेरीत हवा का, कोणत्या कामापुरता, कोणते कागद त्याच्या दृष्टीस पडू नयेत, आणि हे पाहण्याची जबाबदारी कोणाची. ठरावात ‘हवा’ असे आले तरी माझी हरकत नाही. कारकुनावर कामाचा बोजा पुष्कळ आहे, आणि त्याला मदत मिळाली तर ती हवीच आहे. फक्त तो होकार आपण विचार करून दिलेला असावा, आणि ज्यांची नावे त्या वहीत आहेत, त्यांच्या तोंडाकडे पाहून दिलेला असावा.