मुक्कामाचं घर

आमचं जळगाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खानदेशातल्या जळगावाशी घोटाळा नको म्हणून शेजारच्या जामोदचं नाव त्याला चिकटलं, ते कायमचं. उत्तरेला डोंगर, डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलेली काळी कपाशीची रानं, आणि त्यांतल्या खारट पाण्याच्या विहिरी. आगगाडी धरायची तर नांदुऱ्याला जावं लागतं. तरीपण जूनअखेर शाळा उघडल्या की एसटीतून पोरापोरींचे थवे उतरतात. कोणी डोंगरातल्या भिंगारा, चाळीसटापरीकडचे, कोणी पूर्णाकाठच्या खेड्यांतले. काही वसतिगृहात जातात, काही खोली करून राहतात, काही मामा-मावशीच्या घरी.

‘लेक मावशीकडे शिकायला ठेवली’ असं आपण सहज सांगतो. पोतंभर गहू, थोडी तूरडाळ पोचवली की बाप मोकळा! पण त्या घरी लेकीच्या हातात पुस्तक किती वेळ असतं आणि खराटा किती वेळ, हे कोणी विचारतं का? भाचा असला तर त्याच्यापुढं चहा येतो. भाची असली तर आधी भांडी, मग अभ्यास.

यावरून एक जुना मुक्काम आठवतो. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या हे शाळेतलं पोरही सांगेल. त्या राहिल्या कोणाकडे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून. १८८० साली त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्यानं धर्म बदला म्हणून सुचवलं, आणि पत्र आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे पाळीची वाट बघत बसल्या होत्या. तिथं त्यांच्या हाती ते मासिक पडलं. त्यांनी पत्र लिहिलं, धर्माची अट न घालता. पुढं तीनएक वर्षं पत्रं जात-येत राहिली. नातं आधी कागदावर जुळलं, भेट मागून.

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा, नवरा सोबत नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई स्वतः घ्यायला आल्या. कॉलेज उघडेपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या.

हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं आनंदीबाईंनी निघण्याआधी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, नगरच्या नव्हे) सभेत जाहीर सांगितलं होतं. परमुलखात शाकाहार पाळणं, लुगडं नेसणं सोपं नव्हे. थंडीसाठी नेसणं तेवढं गुजराती पद्धतीचं केलं. त्या घरानं ‘आमच्यात राहायचं तर आमच्यासारखं खा’ असा हेका धरला नाही. मला वाटतं, पाहुणचार म्हणतात तो हाच. ताटात चार पदार्थ जास्त वाढणं त्यामानानं सोपं.

पुढं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात शिक्षण सुरू झालं. तिथली थंडी आणि अपुरं अन्न बाधलं, क्षयानं गाठलं. तरी ११ मार्च १८८६ ला पदवी हाती पडली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली, पण काम करायचं नशिबी नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आपल्या गावात यंदा पोरगी ठेवणाऱ्यांनी घर बघताना एवढं बघावं: दिवा कुठं आहे, आणि त्या दिव्याखाली संध्याकाळी तिला कोणी बसू देतं का. शिधा काय, मागाहूनही पोचतो.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी त्या मावशीकडे अमेरिकेला पाठवली. मावशीनं ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवली. तिथं आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.