दोघांनी म्हणायचं गाणं

‘साबोर आ मी’ हे १९५९ सालचं मेक्सिकोचं गाणं. लिहिणारा आल्वारो कारियो शेतकी शिकलेला. भातसंशोधनाच्या गावात, कर्जतला, हे वाचलं आणि माणूस एकदम जवळचा वाटला. गाण्यात वचन नाही, शपथ नाही. इतकी वर्षं एकत्र काढली की एकाचं काहीतरी दुसऱ्यात मुरतं, ते आता निघायचं नाही, एवढंच तो सांगतो. १९६९ साली मोटार अपघातात तो गेला.

*

गायिका ईडी गोर्मेने १९६४ साली ‘लोस पांचोस’ या त्रिकुटाबरोबर ते गायलं. साथीला रेक्विंतो, म्हणजे चढ्या सुराची छोटी गिटार. बाई आवाज चढवत नाही. ज्याला सांगायचं तो शेजारीच बसलाय अशा बेताने गाते.

*

आपलं ‘शुक्रतारा मंद वारा’ १९६२चं. पाडगांवकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. दातेही शिक्षणाने वस्त्रोद्योगातले इंजिनिअर. कारियोचं गाणं संसारानंतरचं, हे संसाराच्या आधीचं: लाज, ओढ, चांदणं. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या, गायला घेतल्या की घाम फुटतो.

*

दहिवलीला ज्येष्ठांच्या मेळाव्यात एका जोडप्याने ‘शुक्रतारा’ म्हटलं. दोघं सत्तरीच्या पुढची. वही आजोबांच्या हातात. आजींना सगळं पाठ, तरी त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं, आजोबांची ओळ चुकू नये म्हणून. वरच्या जागेवर आजोबांचा श्वास संपला. आजींनी घाई केली नाही. ते सावरले, मग आजींनी आपलं कडवं उचललं. शब्द पहिल्या भेटीचे, पण मला त्यात मधली पन्नास वर्षं ऐकू आली. ‘साबोर आ मी’ जे शब्दांत सांगतं ते इथे त्या बोटात होतं.

*

ती पन्नास वर्षं इथे कशी गेली? कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, जाऊन-येऊन चार तास लोकलमध्ये. खोपोलीकरांना त्याहून जास्त. पहाटे डबा, रात्री उशिरा जेवण. नवरा-बायकोला एकमेकांसाठी उरायची ती झोपेआधीची घटका, आणि तेव्हा रेडिओवर भावगीत लागलेलं असायचं. त्या घटकेचं मोल ज्यांनी जाणलं त्यांनीच ही गाणी जिवापाड जपली.

*

मेळाव्यातल्या या आज्यांच्या आया जात्यावर गायच्या. खालापूरच्या डोक्यावर, घाटावरच्या मावळ-मुळशीत हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी अशा ओव्या गोळा केल्या. एकूण संग्रह लाखावर गेला. भावाचं, लेकराचं कौतुक त्यांत भरभरून आहे, नवऱ्याचं जपून. ओवी बाईने बाईला ऐकवायची. युगुलगीतात मात्र बाई त्याला, त्याच्यासमोर, चारचौघांत उत्तर देते. एका पिढीत केवढी मोकळीक! भावगीताला गुळगुळीत म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

*

मेळाव्यात जोडीदार गेलेल्यांची फर्माईश वेगळी असते: ‘भातुकलीच्या खेळामधली’. शब्द पाडगांवकरांचेच, चाल यशवंत देवांची. काही आयोजक ते टाळतात, रडारड होते म्हणून. मला हे पटत नाही. रडू आलं तर येऊ द्यावं. मागणाऱ्या बाईला पुढे खुर्ची द्यावी आणि सगळी कडवी म्हणावीत, एकही न गाळता.